‘काका, मला वाचवा’ म्हणण्याआधी

शनिवारवाड्यात आता तटबंदी, चौथरे आणि कारंजी एवढंच उरलंय. आतला वाडा 1828च्या आगीत गेला. तरी बाहेरगावचा पाहुणा आवाज खाली आणून विचारतोच, “अजून ऐकू येतं का हो, काका मला वाचवा?” मी सांगतो, इथं नाही, निवडणूक आली की कट्ट्याकट्ट्यावर ऐकू येतं.

कुठल्याही पुढाऱ्याचं घरात बिनसलं की आपण लगेच पेशवाईतला हा काका, राघोबादादा, काढतो. 1978 साली शरद पवारांनी वसंतदादांचं सरकार पाडून पुलोदचं (पुरोगामी लोकशाही दलाचं) सरकार केलं, तेव्हापासून ‘पाठीत खंजीर’ मराठी राजकारणाला चिकटला तो चिकटलाच. 2023मध्ये पवारांच्याच पक्षात फूट पडली, तेव्हा तर काका-पुतण्या आयतेच मिळाले. चहा गार होईस्तोवर चर्चा रंगते. पण ही उपमा जरा जपून वापरा.

राघोबा साधा खलनायक नव्हता. मराठी फौजा 1758 साली अटकेपर्यंत गेल्या त्या त्याच्याच मोहिमेत. ‘अटकेपार झेंडा’ आणि ‘ध चा मा’ (‘धरावे’चं ‘मारावे’) या दोन्ही गोष्टी एकाच माणसामुळे आपल्या बोलण्यात आल्या. 30 ऑगस्ट 1773ला पुतण्या नारायणराव मारला गेला, काकाला पेशवाई मिळाली, आणि तिथून घसरण सुरू झाली. चुलते चिमाजीअप्पांनी 1739मध्ये रक्त सांडून घेतलेली वसई त्यानं 1775च्या सुरतेच्या तहात इंग्रजांना लिहून दिली. पेशवाई टिकली नाहीच. 1783मध्ये कोपरगावात मेला.

(‘ध चा मा’चं बिल आपण राघोबाच्या बायकोच्या, आनंदीबाईंच्या नावावर फाडतो, ठोस पुरावा नसताना. ‘साहेब चांगले, भोवतालचे वाईट’ हे त्याच जातीचं बोलणं.)

शिरवाडकरांनी ‘राजमुकुट’मध्ये मराठीत आणलेला मॅकबेथही असाच: पराक्रमी, मानाचा, आणि एका हव्यासानं वाया गेलेला. पण त्याची झोप उडते आणि शेवटच्या अंकात हिशेब होतो. राजकारणात तसा अंक आपोआप येत नाही. पुलोदचं सरकार 1980मध्ये बरखास्त झालं, पवार 1986मध्ये काँग्रेसमध्ये परतले, 1988मध्ये पुन्हा मुख्यमंत्री झाले. यात खून नाही, आमदारांची बेरीज आहे. 1985च्या पक्षांतरबंदी कायद्यात एक-तृतीयांश आमदार फुटले तर चालत असे. 2003मध्ये ती पळवाट बुजवली, आता दोन-तृतीयांश आणि विलीनीकरण यांवर खल चालतो. अशी बेरीज करणाऱ्या पुढाऱ्याला खुन्याच्या रांगेत बसवलं की दोन तोटे होतात. त्याच्यावर अन्याय होतो, आणि रक्त दिसत नाही म्हणून त्याचा खरा हिशेब मागायचा राहून जातो.

राघोबाला हिशेब विचारला तो न्यायाधीश रामशास्त्र्यांनी. गादीवर बसलेल्या पेशव्याची चौकशी केली, दोषी ठरवलं आणि पुणं सोडलं. आपल्याला पुणं सोडायची गरज नाही. उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र वाचा: मालमत्ता, कर्ज, गुन्हे, सगळं त्यात असतं आणि निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट दिसतं. मागच्या वेळचं शेजारी ठेवा आणि मालमत्तेचे दोन आकडे जुळवून बघा. रस्त्याच्या कामाची फाईल बघायला 2018च्या शासन परिपत्रकानं सोमवारची दुपार नागरिकांसाठी राखून ठेवली होती, 3 ते 5; आता फाईल कशी बघता येईल, ते विचारून घ्या. एक दिवस कट्टा चुकवा आणि महापालिकेत जा.