चावी आपली, घर कुणाचे?

गेल्या आषाढात आमचे चार दिवस गणेशगुडीस जाणे झाले. हे नाव कित्येक वाचकांना अपरिचित असेल, म्हणून थोडी ओळख करून देतो. उत्तर कन्नड जिल्ह्यात, ज्याला आपल्यातील वडीलधारी मंडळी अजून कारवार जिल्हाच म्हणतात, जोयडा हा घनदाट अरण्याचा तालुका आहे. तेथे काळी नदीवर सुप्याचे १०१ मीटर उंचीचे धरण आहे, आणि त्या धरणापाशी वसलेले गाव ते गणेशगुडी. आमच्या मावसबहिणीचे यजमान तेथील वीज प्रकल्पात नोकरीस असून वसाहतीतील एका क्वार्टरमध्ये त्यांचे बिऱ्हाड आहे.

भाऊजींची निवृत्ती आता जवळ आली आहे. त्यामुळे घरात आवराआवर चालू होती. आपल्यापैकी किती तरी घरांनी रेल्वेच्या, गिरण्यांच्या, बँकांच्या नोकरीपायी परमुलखात क्वार्टरमध्येच आयुष्य काढले आहे. त्यांना ही आवराआवर कशी असते हे सांगावयास नको. कपाट आपले, पण भिंतीतील फडताळ कंपनीचे. पंखे कंपनीचे, मिक्सर आपला. परसातील फणस बहिणीने स्वतः लावलेला, त्यावर मिरीचा वेल चढविलेला. पण तो आता येथेच राहावयाचा. वीस वर्षे चावी कमरेला होती, तरी घर कधीच आपले नव्हते. बहीण हे सारे हसतमुखाने सांगत होती, कारण क्वार्टर घेतानाच हे ठाऊक होते. कुणी फसविले नव्हते.

त्याच दिवशी माळ्यावरून मुलांची दोन खोकी खाली आली, आणि या महिन्याच्या लेखाचा विषय आम्हांस तेथे सापडला.

पहिले खोके थोरल्या भाच्याचे. तो आता पुण्यास नोकरी करतो. त्यात त्याचा जुना व्हिडिओ गेमचा यंत्रसंच आणि अकरा डिस्का होत्या. प्रत्येक डिस्क कोठून आणली त्याचा इतिहास आहे. कोणती बेळगावहून आणलेली, कोणती हुबळीच्या मित्राशी बदलून घेतलेली, तर एक चुलतभावाने उसनी दिलेली व परत मागावयास विसरलेली. दुसऱ्या खोक्यात धाकट्याचे काय होते? एक वही. धाकटा बारावीत आहे. गेली सहा वर्षे दर वाढदिवसाला आजी त्याला गेमसाठी पैसे देत असे, आणि तो संगणकावरील खात्यातून गेम विकत घेई. कोणता गेम, किती रुपये, कोणती तारीख, हे सारे त्या वहीत नीट लिहिलेले होते. गेम मात्र खोक्यात नव्हते. ते कोठेच नव्हते.

झाले होते ते असे. खाते उघडताना तो लहान होता, म्हणून भाऊजींचा मोबाइल क्रमांक दिला होता. पुढे भाऊजींनी क्रमांक बदलला. जुना क्रमांक बंद पडला व काही महिन्यांनी भलत्याच माणसाकडे गेला. मुलाने संगणक बदलला तेव्हा खाते उघडण्यासाठी सांकेतिक अंक मागितले गेले, आणि ते अंक त्या अनोळखी माणसाच्या फोनवर जाऊ लागले. पत्रव्यवहार झाला. उत्तर दर वेळी तेच आले : मूळ क्रमांकावरून खात्री पटवा. सहा वर्षांची खरेदी अशी कुलपाआड गेली. पैसे दिले नव्हते असे कुणी म्हणत नव्हते. पण परत द्यावयाचे तर देणार कोणाला?

त्या रात्री जेवताना बहिणीच्या सासूबाई जे बोलल्या ते आमच्या मनातून अजून गेलेले नाही. त्या मूळच्या जुन्या सुप्याच्या. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावरील ते गाव धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याचे ठाणे जोयड्यास हलले व तालुक्याचे नावही बदलले. विस्थापितांतील पुष्कळांना रामनगर येथे वसविण्यात आले. आजी म्हणाल्या, "आमचं सुप्याचं घर गेलं तेव्हा निदान कागद तरी आला होता. माणसं येऊन दारं-खिडक्या मोजून गेली, आंबे-फणस मोजले. मिळाले ते पैसे पुरले नाहीत, ती गोष्ट वेगळी. पण आमचं होतं म्हणून मोजलं ना! ह्या पोराचं कुणी मोजलं काय?"

वाचकहो, मालकी म्हणजे काय, याची याहून सोपी व्याख्या आम्ही कोठे वाचलेली नाही. मालकी म्हणजे वस्तू अमर झाली असे नव्हे. डिस्क फुटते, पुस्तकाला वाळवी लागते, आणि सरकारला हवे तर घरही पाण्याखाली जाते. परंतु १८९४ च्या भूसंपादन कायद्याखालीसुद्धा सरकारला आधी नोटीस द्यावी लागे, मोजणी करावी लागे आणि थोडाबहुत मोबदला द्यावा लागे. आपली वस्तू घ्यावयाची तर दुसऱ्याला आपल्या दारी यावे लागते, हे मालकीचे मर्म आहे.

आता या संगणकावरील खरेदीत आपणांस मिळते काय? "विकत घ्या" असे बटन असते, आपण पैसे भरतो, आणि गेम वस्तू म्हणून आपल्या हाती येतो असे समजतो. प्रत्यक्षात मिळतो तो खेळण्याचा परवाना. स्टीम हे संगणकावरील गेमचे जगातील फार मोठे दुकान. त्याच्या करारात हे स्पष्ट लिहिले आहे, आणि आपले खाते दुसऱ्यास विकता वा देता येत नाही हेही लिहिले आहे. जुन्या महसुली भाषेत बोलावयाचे तर वहिवाट आपली, जमीन सावकाराची. आणि ही वहिवाटसुद्धा वारसाकडे न जाणारी!

अशी वहिवाट एका रात्रीत संपते, याची उदाहरणे काल्पनिक नाहीत. २००९ च्या जुलैत अॅमेझॉन कंपनीने आपल्या किंडल या वाचनयंत्रावर विकलेली काही पुस्तके ग्राहकांच्या यंत्रांतून दुरूनच पुसून टाकली, कारण ती विकणाऱ्याकडे त्यांचे हक्कच नव्हते. पैसे परत दिले, पुढे कंपनीच्या प्रमुखांनी क्षमाही मागितली. दैवदुर्विलास असा की, पुसलेल्या पुस्तकांत जॉर्ज ऑर्वेल यांची "१९८४" ही कादंबरी होती, जिच्यात नको असलेला मजकूर नाहीसा करणारी राजवट रंगविलेली आहे. दुकानदार रात्री घरात शिरून पुस्तक उचलून नेतो आणि उशाशी पैसे ठेवून जातो, याला आपण व्यवहार म्हणू काय?

गेमच्या बाबतीत तर याहून पुढची पायरी गाठली गेली. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २०१४ साली "द क्रू" नावाचा मोटारशर्यतीचा गेम विकावयास काढला. तो एकट्याने खेळतानाही कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला असावा लागे. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने ते सर्व्हर बंद केले व गेम संपला. ज्यांनी डिस्क विकत घेतली होती त्यांच्या हाती चकचकीत तबकडी उरली, खेळ उरला नाही. यातून युरोपात मोठी चळवळ उभी राहिली. विकलेला गेम कंपनीने सोडून दिला तरी तो खेळता येण्याजोगा राहिला पाहिजे, या मागणीच्या अर्जावर २०२५ साली दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. आपल्या देशातही २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने पबजी मोबाइलसह ११८ अॅपांवर बंदी घातली आणि ऑक्टोबरच्या अखेरीस तो गेम भारतात बंद पडला. बंदी योग्य की अयोग्य हा येथे प्रश्न नाही. पुढे २०२१ साली निघालेल्या भारतीय आवृत्तीत जुना ऐवज नेण्याची सोय झाली, हेही खरे. परंतु मधल्या काळात मुलांनी पैसे देऊन घेतलेले पोशाख नि शस्त्रे नेमकी कोणाची होती, या प्रश्नाचे उत्तर मुलांपाशी नव्हते आणि आईबापांपाशीही नव्हते.

न्यायालयांचेही या बाबतीत एकमत दिसत नाही. छापील पुस्तकाचा निकाल जुना आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ सालीच सांगितले की, प्रत एकदा विकल्यावर ती पुढे काय भावाने विकावी हे प्रकाशकाने ठरवावयाचे नाही. युरोपच्या न्यायालयाने २०१२ साली, इंटरनेटवरून उतरवून घेतलेल्या संगणक-प्रणालीचा कायमचा परवाना पुढे विकता येतो, असे म्हटले. २०१९ साली ई-पुस्तकांबाबत त्याच न्यायालयाने उलट निर्णय दिला. कॅलिफोर्निया राज्याने मात्र एक साधी, शहाणपणाची गोष्ट केली. १ जानेवारी २०२५ पासून तेथे केवळ परवाना देणाऱ्याला, तसे ग्राहकास स्पष्ट सांगितल्यावाचून, "विकत घ्या" हा शब्द वापरता येत नाही. आम्हांला हा कायदा फार आवडला. क्वार्टर देताना "हे क्वार्टर आहे" म्हणून सांगावे. घर म्हणून विकू नये, एवढेच त्याचे म्हणणे.

दुसरी बाजू न मांडणे अन्यायाचे होईल. गणेशगुडीत गेमचे दुकान नाही. डिस्क हवी तर बेळगाव किंवा हुबळी गाठावी लागे. धाकट्या भाच्याला घरबसल्या, कित्येकदा सवलतीच्या दरात जे मिळाले, ते थोरल्याला कधी मिळाले नव्हते. शिवाय जोयड्याचा पाऊस! चार महिने कपाटातील कपड्यांना बुरशी येते, तेथे डिस्कांची काय कथा? अकरापैकी दोन डिस्का आम्ही पाहिल्या तेव्हा निकामी झालेल्या होत्या. आणि हल्ली खोक्यातून विकत घेतलेल्या वस्तूतही पूर्ण गेम असेलच असे नाही. निन्टेन्डोच्या २०२५ साली आलेल्या नव्या यंत्रासाठी काही गेम अशा कार्डावर मिळतात की, कार्डात गेम नसतोच. तो इंटरनेटवरून उतरवून घेण्याची केवळ किल्ली असते. तात्पर्य, हाताला लागते ते आपले आणि हाताला लागत नाही ते परक्याचे, इतका हा हिशेब सरळ राहिलेला नाही.

मग संसारी माणसाने काय करावे? आम्हांस सुचते ते असे. पैसे देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. इंटरनेट बंद असताना ही वस्तू चालते काय? ती दुसऱ्यास देता येते काय? विकणारा उद्या उठून गेला तर ती उरते काय? तिन्हींची उत्तरे "नाही" आली तर ते भाडे आहे असे समजावे, आणि भाड्याला शोभेल तेवढेच पैसे मोजावेत. भाडे देण्यात कमीपणा नाही. भाडे देऊन मालकीचा भ्रम बाळगण्यात आहे. जीओजीसारखी काही दुकाने गेमची अशी फाइल देतात की, ती आपल्या डिस्कवर जपून ठेवता येते आणि कोणाची परवानगी न मागता चालविता येते. मिळेल तेथे ती घ्यावी. आणि मुलांची खाती उघडताना कोणता क्रमांक, कोणता ईमेल दिला, ते घरच्या कागदपत्रांत लिहून ठेवावे. वीजबिलाचा ग्राहक क्रमांक आपण जपतो, तसाच हाही जपावा.

निघावयाच्या आदल्या दिवशी थोरल्याचा पुण्याहून फोन आला. त्या खोक्याचे काय करावयाचे, असे बहिणीने विचारले. क्षणभर थांबून तो म्हणाला, "धाकट्यालाच दे. म्हणावं, आता तुझंच." पावसाने दोन दिवस नेटवर्क नव्हते; त्या दिवशी कसाबसा फोन लागला होता. धाकट्याने संध्याकाळी ते जुने यंत्र टीव्हीला जोडले, डिस्क सदऱ्याने पुसून आत सरकवली आणि गेम चालू झाला. कोणी त्याला सांकेतिक अंक मागितले नाहीत.

पूर्वी शाळेची पुस्तके एका भावाकडून दुसऱ्याकडे जात. पहिल्या पानावर आधीच्या मुलाचे नाव असे, त्यावर एक आडवी रेघ ओढून खाली नवे नाव लिहिले जाई. आम्ही पाहिले तेव्हा धाकटा तेच करीत होता. खोक्याच्या झाकणावर शाईने लिहिलेल्या दादाच्या नावाखाली त्याने आपले नाव घातले. रेघ मात्र ओढली नाही.

आजी शेजारीच बसून पाहत होत्या. म्हणाल्या, "हे मोजता येतं बघ."