नुरा कुस्ती आणि निकाली कुस्ती

दोन पुढारी सकाळी एकमेकांवर तुटून पडतात आणि संध्याकाळी एकाच लग्नात शेजारी शेजारी बसून जेवतात, तेव्हा बातमीदार हमखास एक शब्द वापरतो, 'नुरा कुस्ती'. उर्दू अखबारांतही हाच शब्द आहे आणि याच अर्थाने. आधी ठरवून खेळलेली, लोकांना दाखवण्यापुरती लढत. बारामती-इंदापूरच्या माणसाला या शब्दाचा अर्थ वेगळा शिकवावा लागत नाही.

पण शब्द राजकारणात गेला म्हणून कुस्तीतला मूळ प्रश्न सुटलेला नाही. यात्रा-उरुसांचा हंगाम आला की पिंपळीच्या पारावर आणि आजूबाजूच्या गावांतही दरवर्षी तोच वाद रंगतो. एक पक्ष म्हणतो, आताच्या कुस्त्यांत राम राहिला नाही, सगळा शो आहे. हलगी, फेटे, ड्रोन कॅमेरा, लाखाच्या इनामाची घोषणा, आणि शेवटी वीस मिनिटं खडाखडी होऊन जोड बरोबरीत सोडवायची. दुसरा पक्ष म्हणतो, शो नसेल तर माणसं येतील कशाला? पोरांना मोबाईलवर डब्ल्यूडब्ल्यूई फुकट दिसतंय. शाळेतली पोरं तर मला सरळ विचारतात, "सर, ते खरं असतं का?" नाही म्हटलं की त्यांचा पुढचा प्रश्न तयार असतो, "मग आपल्या उरुसातलं खरं असतं का?"

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देणं सोपं नाही, म्हणून हा लेख.

भाषेचा मास्तर असल्यामुळे आधी शब्दांकडे पाहतो. मराठी कुस्तीचा हौदा फारसी-अरबी शब्दांनी भरलेला आहे. पैलवान म्हणजे पहलवान, वस्ताद म्हणजे उस्ताद. खुराक, जोर, मैदान, इनाम, सलामी हे सगळे तिकडूनच आले आणि इथल्या मातीत असे मुरले की आता त्यांना कोणी पाहुणे म्हणत नाही. एखाद्याला हरवलं की आपण त्याला 'अस्मान' दाखवतो. सगळ्यात गंमत 'तालीम' या शब्दाची. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण, मराठीत तालीम म्हणजे आखाडा. वर्गात हा शब्द उच्चारला की निम्म्या मुलांना शाळा आठवते, निम्म्यांना तांबडी माती.

आणि 'तमाशा'. उर्दूत तमाशा म्हणजे देखावा, बघण्याची गोष्ट. मराठीत ती एक कला झाली. तमाशात राजा झालेल्या माणसाला कोणी खोटारडा म्हणत नाही, कारण तो खरा राजा नाही हे तंबूतल्या शेवटच्या माणसालाही ठाऊक असतं. कुस्तीच्या वादात माझा सगळा मुद्दा या एका वाक्यात आहे. देखावा असणं हा गुन्हा नाही. देखावा करून तो निकाल म्हणून विकणं हा गुन्हा आहे.

'पूर्वी सगळं खरं होतं' म्हणणाऱ्यांसाठी गामा पैलवानाची लंडनची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९१० साली गामा आणि त्याचा धाकटा भाऊ इमामबक्ष विलायतेला गेले. उंची कमी म्हणून गामाला तिथल्या स्पर्धेत घेतलंच नाही. मग काय केलं? जाहीर आव्हान दिलं, कोणत्याही वजनाचे तीन मल्ल आणा, अर्ध्या तासात तिघांनाही फेकतो. लोकांना ही थाप वाटली. शो म्हणायचा तर याहून मोठा शो कोणता? पण त्या गाजावाजामुळेच दार उघडलं. बेंजामिन रोलर नावाचा अमेरिकन मल्ल, जो पेशाने डॉक्टर होता, गामाने लोळवला. १० सप्टेंबरला शेफर्ड्स बुशच्या मैदानात पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को समोर आला. ही लढत शंभर टक्के खरी होती आणि तितकीच कंटाळवाणी. झिबिस्को बहुतेक वेळ पालथा पडून गादीला चिकटून राहिला. अडीच तासांहून अधिक वेळ गेला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. १७ तारखेला पुन्हा लढायचं ठरलं, तेव्हा झिबिस्को फिरकलाच नाही आणि 'जॉन बुल' पट्टा गामाला मिळाला. पुढे १९२८ साली पटियाळ्याला दोघे परत भेटले, तेव्हा गामाने एका मिनिटाच्या आत निकाल लावला.

या झिबिस्कोची आणखी एक हकिकत आहे, ती आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. मधल्या काळात तो अमेरिकेत गेला. तिथे व्यावसायिक कुस्ती तोवर ठरवून खेळली जाऊ लागली होती. आयोजकांनी वेन मन नावाच्या एका धिप्पाड फुटबॉल खेळाडूला जगज्जेता करून ठेवलं होतं. त्याला कुस्ती फारशी येत नव्हती, पण तो दिसायचा झकास. एप्रिल १९२५ मध्ये फिलाडेल्फियात झिबिस्कोने त्याच्याकडून हरायचं, असं ठरलं होतं. घंटा वाजली आणि झिबिस्को खरी कुस्ती खेळला. मनला त्याने पुन्हा पुन्हा खाली दाबला आणि हजारो लोकांसमोर किताब काढून घेतला. आयोजकांची बोलती बंद. नुरा कुस्तीत एकाने नुरा खेळायचं नाकारलं, तर काय होतं त्याचा हा नमुना. म्हणजे खरं आणि दिखाऊ अशी दोन वेगळी माणसं नसतात. तोच मल्ल, तेच अंग, सौदा तेवढा बदलतो.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. शाहू महाराज १९०२ साली विलायतेच्या दौऱ्यावर गेले, तेव्हा रोममधलं जुनं मैदान त्यांनी पाहिलं आणि त्या धर्तीवर कोल्हापुरात खासबाग बांधलं. १९१२ साली तिथे पहिली मोठी लढत झाली ती इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची. खासबागची रचनाच अशी आहे की हौदा मध्ये आणि माणसं उतरंडीने चारी बाजूंना. कुठेही बसा, आड काही येत नाही. म्हणजे मुळात ते बघण्यासाठी बांधलेलं आहे. महाराजांना कुस्तीतला देखावा वर्ज्य नव्हता. मैदान भव्य हवं, मल्ल पंजाबातून आणायचा असेल तर आणू, पण निकाल मातीत लागला पाहिजे.

मग स्वातंत्र्यानंतर मुंबईत वेगळी हवा आली. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि किंगकाँगच्या झुंजी व्हायच्या. किंगकाँग म्हणजे एमिल चाया, मूळचा हंगेरीकडचा अगडबंब गडी. या झुंजींना 'फ्रीस्टाईल' म्हणायचे. ऑलिम्पिकमध्ये फ्रीस्टाईल हा कडक नियमांचा प्रकार आहे, पण मराठी वर्तमानपत्रात 'फ्रीस्टाईल' म्हणजे ग्रामसभेत खुर्च्या उडाल्याची बातमी! मला वाटतं, हा अर्थ दारासिंगच्याच जमान्याने आपल्याला दिला असावा. त्या झुंजी किती ठरवलेल्या होत्या याची चर्चा तेव्हाही होती. पण नुकताच स्वतंत्र झालेला देश, आणि आपला एक देखणा गडी परदेशी राक्षसाला उचलून आपटतोय. लोकांना ती गोष्ट हवी होती आणि दारासिंगने ती मन लावून सांगितली. त्याला खरी कुस्ती येत होती, म्हणून त्याची खोटीसुद्धा बघवत होती.

इंग्लंडमध्ये हाच वाद टीव्हीवर झाला. तिथे आयटीव्ही वाहिनीवर १९५५ पासून कुस्ती दाखवत आणि शनिवारी दुपारी चारच्या सुमाराला घरोघरी आजीबाईसुद्धा टीव्हीसमोर बसत. विगन नावाच्या खाणकामगारांच्या गावात बिली रायलीची एक साधी तालीम होती. तिथून बिली रॉबिन्सनसारखे अस्सल मल्ल निघाले, हाडं मोडतील असे डाव जाणणारे. पण सत्तरच्या दशकाच्या शेवटी पडद्यावर राज्य केलं ते बिग डॅडीने. अवाढव्य पोट, चमकीचे कपडे, आणि पोट आपटून समोरच्याला पाडायचं. बाळगोपाळ खूश, जाणकार नाराज. १९८५ साली जॅकी पॅलो या जुन्या मल्लाने पुस्तक लिहून आतलं सगळं उघड केलं आणि १९८८ च्या अखेरीस त्या वाहिनीने कुस्ती बंदच केली. जुने शौकीन आजही म्हणतात, बिग डॅडीने खेळ मारला. मला ते अर्धंच पटतं. दहा वर्षं एकच पोट दाखवलं आणि पुढच्या फळीतला एकही चांगला गडी वर येऊ दिला नाही, हा आयोजकांचा दोष. शो मोठा झाला म्हणून खेळ मेला नाही. शोच्या खालची तालीम रिकामी झाली म्हणून मेला.

आता आपल्या फडाकडे येतो. इथे मला कठोर बोलवत नाही, कारण मी माझे विद्यार्थी या खेळात जाताना पाहिले आहेत. दूध, तूप, बदाम, फळं, थंडाई. बऱ्या पैलवानाचा महिन्याचा खुराक ऊसतोड किंवा शेतमजुरी करणाऱ्या घराच्या मिळकतीला भारी पडतो. माघापासून वैशाखापर्यंत गावोगावी मैदानं असतात. आज इथे, उद्या पलीकडच्या तालुक्यात. प्रत्येक मैदानात जीव तोडून लढला तर पोरगा महिनाभरात गुडघा घेऊन घरी बसेल आणि त्याचा गुडघा नीट करायला कोणती यात्रा कमिटी येणार आहे? म्हणून दोघं आधीच बोलून ठेवतात. पंधरा मिनिटं खेळू, दोन-चार डाव दाखवू, इनाम वाटून घेऊ. त्यांना नुसतं फसवे म्हणणं मला जमत नाही. पण पावती फाडून वर्गणी दिलेला शेतकरी उन्हात तीन तास बसलेला असतो, त्याला 'निकाली' म्हणून सांगितलेलं असतं, आणि फसतो तो. त्याहून वाईट म्हणजे हौद्याच्या कडेला बसलेली दहा-बारा वर्षांची पोरं. ती डावाबरोबर सौदाही शिकतात.

दुसऱ्या टोकाला काही जाणते मॅटवरच्या गुणांच्या कुस्तीलाच खोटी ठरवतात. चितपट तीच कुस्ती, बाकी पॉइंटचा बाजार, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना आठवावं. मातीत वाढलेला हा माणूस १९४८ ला लंडनमध्ये अनोळखी मॅटवर सहावा आला, मॅट शिकला आणि १९५२ ला हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आला. नियम आधी सांगितलेले आणि दोघांना सारखे असतील, तर ती कुस्ती खरी. माती का मॅट, हा रुचीचा भाग.

महाराष्ट्र केसरीचं काय सांगावं! जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या लढतीत बाहेरील टांगेचे चार गुण गायकवाडला दिले गेले आणि महाराष्ट्रभर वाद पेटला. गुण बरोबर की चूक, यावर पंचांनी आणि जाणकारांनी भांडावं, तो खेळाचाच भाग आहे. पण मोबाईलवर पाहता पाहता त्या चार गुणांना धर्म चिकटला. दोन्हीकडून चिकटवला गेला, हेही सांगितलं पाहिजे. आपल्यातल्या काहींनी 'शेख आहे म्हणून' असं लिहिलं, तिकडच्या काहींनी त्याला तसंच उत्तर दिलं. खरं चित्र काय होतं? मोहोळचा हा हमालाचा पोरगा कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत घडला आणि त्याच्यासाठी हळहळणाऱ्यांत, त्याचे व्हिडिओ पुढे पाठवणाऱ्यांत पाटील, माने, गायकवाड, जाधव सगळे होते. इस्माईल शेख १९८० ला महाराष्ट्र केसरी झाले, मुन्नालाल शेख २००२ ला झाले, तेव्हा गदा त्यांच्या खांद्यावर आली ती कुस्तीमुळे. जोडीला हिंदू-मुसलमान असं लेबल लावून गर्दी खेचणं हा नुरा कुस्तीचा सगळ्यात विषारी प्रकार आहे, कारण त्यात दोन्ही पैलवान प्रामाणिक असले तरी भोवतीचा फड खोटा असतो.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगावला सिकंदरने शिवराज राक्षेला अर्ध्या मिनिटाच्या आत चितपट करून गदा घेतली. वाद मिटावा ना? पण कुस्तीगीर परिषदेतच दोन तट पडलेले. त्याच महिन्यात धाराशिवला दुसरी महाराष्ट्र केसरी झाली आणि तिथे राक्षे जिंकला. एका महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी! फेब्रुवारी २०२५ ला अहिल्यानगरला याच राक्षेने निकाल मान्य नसल्याने पंचाला लाथ मारली आणि त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. लाथ मारणं चूकच, बंदीही योग्य. पण ज्यांनी एका किताबाचे दोन तुकडे करून ठेवले, त्यांच्यावर कोणती बंदी आली? पैलवानाच्या शोवर आपण तासभर बोलतो, कारभाऱ्यांच्या शोवर मात्र 'चालायचंच' म्हणून पुढे जातो.

आमच्या मोहल्ल्यातले एक बुजुर्ग म्हणतात, "मास्तर, कुस्ती ही सुन्नत आहे, रुकानाचा किस्सा विसरलात का?" नाही विसरलो. रुकाना मक्क्याचा नामी मल्ल होता आणि त्याला पैगंबरांनी चीत केल्याची रिवायत आहे. पण तो चीत झाला, 'बरोबरीत सोडवला' नाही, हे मी चाचांना नम्रपणे सांगतो आणि ते हसतात.

यात्रा आणि उरूस कमिट्यांना काही अवघड करायचं नाही. हँडबिलावर आपण देणगीदारांचे पंचवीस फोटो छापतो, तिथे दोन ओळींची जागा निघेल. कोणती जोड निकाली आणि कोणती नुसती प्रेक्षणीय, हे आधी लिहा. डाव दाखवण्यासाठी दोन नामी पैलवान बोलावले असतील, तर तसं सांगा. लोक टाळ्या वाजवतील, बिदागीही देतील. निकाली जोडीला वेळ ठरवा आणि वेळेत निकाल नाही लागला तर गुणांवर लावा. पैलवान जखमी झाला तर दवाखान्याचा खर्च कमिटीचा, हेही त्याच कागदावर असू द्या, म्हणजे पोरांना आतून सौदा करायची गरज पडणार नाही. आणि एवढं करूनही निकाली म्हणून लावलेली मोठी जोड वीस मिनिटं हात धरून फिरत राहिली, तर ते इनाम दोघांत वाटू नका. सकाळपासून लंगोट लावून हौद्याच्या कडेला बसलेल्या, शेंगदाणे-खोबऱ्यावर आणि शंभर-दोनशेवर लढणाऱ्या लहान गटाच्या पोरांत वाटा.