'जरा चालू करून बघ रे'

आज जीएसटी नाही, उधारी वसुली नाही. आज तुमच्या शेडमागे ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या डीजीबद्दल बोलायचंय. भोसरीत माझं इंजिन स्पेअर्सचं दुकान आहे, त्यामुळे काउंटरवर एक वाक्य कायम कानावर पडतं. मालक फोनवर पोराला सांगत असतात, "अरे तो जनरेटर जरा चालू करून बघ रे."

माझं मत सरळ सांगते. सहा-आठ महिने बंद असलेल्या डिझेल इंजिनाच्या बाबतीत हा हुकूम देणं चूक आहे. पुढे काही झालं तर त्याची जबाबदारी हुकूम देणाऱ्याची, बटण दाबणाऱ्या पोराची नाही.

काय होऊ शकतं ते आधी समजून घ्या. इंजिन चालू होतं, आणि रेस वाढतच जाते. थांबत नाही. चावी बंद केली तरी नाही. याला रनअवे म्हणतात, आपल्याकडचे मिस्त्री म्हणतात "इंजिन पळालं". 1500 वर चालायचं इंजिन बघता बघता 2000 ओलांडतं. कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो. वेग दुप्पट झाला की फिरणाऱ्या भागांवरचा ताण दुप्पट नाही, चौपट होतो, हे लक्षात असू द्या. आणि लोड चालू असेल तर 2100 आरपीएमला तुमच्या मशीनला 50 ऐवजी 70 हर्ट्झ जातात. सीएनसीची ड्राइव्ह कितीला येते ते तुम्हाला मी सांगायला नको.

असं का होतं? पेट्रोल इंजिनात ठिणगी बंद केली की खेळ संपला. डिझेलमध्ये ठिणगीच नसते. हवा दाबली की तापते, त्यात डिझेल फवारलं की पेटतं. जुन्या इंजिनांत हवा मोकळी आत येते, वेग ठरतो तो फक्त किती डिझेल गेलं त्यावर. ते प्रमाण ठरवतो पंपातला रॅक, आणि रॅकला मागेपुढे करतो गव्हर्नर.

आता खरी गोम ऐका. इंजिन उभं असतं तेव्हा गव्हर्नरची वजनं मिटलेली असतात आणि स्प्रिंग रॅकला जास्तीत जास्त डिझेलच्या बाजूला ढकलून ठेवते, कारण स्टार्टला डिझेल जास्त लागतं. ओढायच्या स्टॉप नॉबचं इंजिन तुम्ही बंद केलं, नॉब सोडला, की रॅक जाऊन फुल डिझेलवर बसतो. मग महिनोन् महिने तिथेच. आतलं डिझेल सुकून चिकट होतं, पावसाळ्यात पाणी शिरलं असेल तर गंज धरतो. म्हणजे इंजिन जिथे अडकायला नको नेमकं तिथेच अडकून बसतं. तुम्ही स्टार्ट देता, वेग वाढतो, वजनं उघडतात, पण रॅक हलतच नाही.

काही सेटला चावी बंद असताना सोलेनॉइड रॅकला स्टॉपवर धरून ठेवतो. तो स्टॉपवर चिकटला तर इंजिन नुसतं चालू होत नाही. हे तसं बरं. पण मग कुणीतरी लिव्हरला ठोकून पुढे ढकलतो, आणि तो पुढे जाऊन अडकला की परत तेच.

दुसरं कारण जास्त वाईट, कारण त्यात डिझेल तोडूनही इंजिन थांबत नाही. फीड पंपाचा डायफ्राम फाटलेला असतो किंवा नोझल गळत असतं, आणि डिझेल हळूहळू ऑइल चेंबरमध्ये उतरतं. लेव्हल वाढते, ऑइल पातळ होतं. स्टार्ट केलं की ते ब्रीदरमधून हवेच्या वाटेनं आत ओढलं जातं आणि इंजिन स्वतःच्याच ऑइलवर पळतं. टर्बोचं सील गेलं असेल तरी तेच. ऑइल बाथ एअर क्लीनर असलेल्या जुन्या इंजिनात कुणी हौसेनं खुणेच्या वर ऑइल भरलं तरी तेच. डिपस्टिकवर ऑइल *कमी* असलं की आपण घाबरतो, *जास्त* दिसलं की खूश होतो. बंद इंजिनात ऑइल आपोआप वाढत नाही हो. वाढलंय म्हणजे त्यात काहीतरी मिसळलंय. वास घ्या, कळेल.

हा प्रश्न आपल्याच पट्ट्यात आता का वाढतोय, यावर माझं एक निरीक्षण आहे. एके काळी इथले डीजी रिकामे बसायचेच नाहीत. 2006 साली 'पुणे मॉडेल' आलं ते आठवत असेल. शहराचं लोडशेडिंग टाळायला कारखान्यांनी स्वतःचे जनरेटर चालवायचे आणि ग्रिडची वीज शहरासाठी सोडायची. तेव्हा हे सेट तासन्‌तास राबत होते आणि म्हणूनच धडधाकट होते. आता वीज त्या मानानं बरी आहे, डीजी झोपून असतो. मग 25 मार्च 2020 ला लॉकडाऊन लागला आणि भोसरी, तळवडे, चाकणची शेडच्या शेड कुलपात गेली. उघडली तेव्हा ऑर्डर तुंबलेल्या, माणसं गावी गेलेली, आणि डीजी सुरू करायला कोण, तर गेटवरचा सिक्युरिटी नाहीतर प्रेसवरचा हेल्पर.

चाकणच्या एका छोट्या प्रेसशॉपचे मालक त्या जूनमध्ये माझ्याकडे फिल्टर घ्यायला आले होते. त्यांचं इंजिन पळालं होतं. पोरानं इमर्जन्सी स्टॉप दाबला, परत दाबला, काही नाही. शेवटी फिटरनं एअर क्लीनरचा होज उपसून तोंडावर लाकडी फळी दाबली तेव्हा ते गुदमरून थांबलं. मालक मला म्हणाले, "ताई, नशीब." मी म्हटलं, नशीब नाही दादा, फिटर. त्याला त्या दिवशीचा काय पगार दिला? ते हसले. मी हसले नाही.

तो लाल इमर्जन्सी बटणाचा भरवसा डोक्यातून काढा. बहुतेक जुन्या सेटवर ते बटण त्याच सोलेनॉइडला सांगतं, आणि सोलेनॉइड त्याच अडकलेल्या रॅकला ओढायचा प्रयत्न करतो. हमखास उपाय एकच, हवा तोडणं. इनटेकच्या तोंडापेक्षा मोठा जाड प्लायवूडचा तुकडा. हात नाही, फडकं नाही, दोन्ही आत ओढले जातात. सीओटू एक्स्टिंग्विशर हवेच्या तोंडात मारला तरी चालतो. पहिल्या काही सेकंदांत जमलं तर जमलं, नाहीतर सगळ्यांनी बाहेर पळायचं. फ्लायव्हीलच्या रेषेत कुणीही उभं राहायचं नाही. इंजिन परत घेता येतं.

आता धंद्याचं बोलू. बंद इंजिनाचा पहिला स्टार्ट हे एक स्वतंत्र काम आहे असं धरा, त्याला जॉब कार्ड काढा आणि त्याचे पैसे द्या. एक मिस्त्री, एक मदतनीस, अर्धा दिवस. टाकीच्या तळाचं पाणी काढणं, ऑइलची लेव्हल आणि वास बघणं, एअर क्लीनर उघडणं. इनलाइन पंपाचं बाजूचं झाकण काढून रॅक बोटानं सरकतो का हे बघणं. सरकला नाही तर ठोकाठोकी न करता पंपवाल्याकडे पाठवणं. रोटरी पंप असेल तर रॅक दिसतच नाही, तिथे घरगुती प्रयोग नकोत. मग ब्रेकर ऑफ, स्टॉप लिव्हर ओढून धरून थोडं क्रँक करणं म्हणजे ऑइल सगळीकडे पोचतं, आणि नंतर स्टार्ट. एअर पाइप आधीच काढलेला, मदतनीस बाजूला प्लाय हातात घेऊन उभा. एवढंच. याचं बिल आणि एका ब्लॉकचं बिल तुम्हीच शेजारी लिहून बघा.

"एएमसी आहे ना आमची" असं म्हणाल. त्या एएमसीच्या कागदात 'दीर्घकाळ बंद राहिल्यानंतरचा स्टार्ट' ही ओळ आहे का ते वाचा. बहुतेकांच्या कागदात फिल्टर आणि ऑइलच असतं. पुढच्या रिन्यूअलला ती ओळ घालून घ्या, थोडे जास्त मागतील, द्या. 1 जुलै 2023 नंतरच्या सीपीसीबी फोर-प्लसच्या बऱ्याच नव्या सेटवर इंधन इलेक्ट्रॉनिक आहे, त्यामुळे चिकटलेल्या रॅकची भानगड मागे पडतेय. पण ऑइल ओढण्याची भीती तिथेही आहेच. शिवाय आपण घेतो ते सेकंडहँड. आणि सेकंडहँड सेट म्हणजे कुठेतरी बंद पडून राहिलेलाच सेट.

गुरुवारी तशीही आपल्या एमआयडीसीत सुट्टी असते. महिन्यातला एक गुरुवार डीजीला द्या. नुसता रिकामा पाच मिनिटं घुर्र करून बंद नाही, लोड देऊन नीट गरम होईपर्यंत.

आणि एक राहिलंच. सायलेंट कॅनोपीत एअर क्लीनर आतल्या दारामागे असतो. त्या दाराला कुलूप, किल्ली ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरची किल्ली मॅडमच्या पर्समध्ये, मॅडम गुरुवारी सुट्टीवर. स्टार्टच्या आधी ते दार उघडून ठेवा, आणि प्लायच्या तुकड्याला भोक पाडून तो त्याच दाराला आतून तारेनं टांगा.