संगणकावर पत्रे येईनाशी झाली तर



या पानावर मी नेहमी मक्यावरची लष्करी अळी, मिरचीवरचा चुरडा-मुरडा, माती परीक्षण असल्या विषयांवर लिहितो. आजचा विषय ऐकून तुमच्यापैकी काही जण म्हणतील, साहेबांना ऊन लागले की काय! विषय आहे, कॉम्प्युटरवर ई-मेल येणे बंद पडले तर काय करावे. पण गेल्या मक्याच्या हंगामात आमच्या अजिंठा भागातल्या एका शेतकरी गटाचा सौदा याच कारणाने हुकला आणि त्यात थोडी चूक माझीही होती. तेव्हा लिहिणे भाग आहे.

अजिंठा म्हटले की बाहेरच्या माणसाला लेणी आठवतात. ती घाटाखाली, फर्दापूरच्या बाजूला. गाव आहे वर, पठारावर. सिल्लोड तालुक्याच्या या पट्ट्यात मका, कापूस आणि मिरची ही नगदी पिके. या गटाने चार वर्षांपूर्वी एक जुना कॉम्प्युटर घेतला. गटातल्या एका सभासदाच्या मुलाने त्यावर थंडरबर्ड नावाचा मेलचा प्रोग्रॅम बसवून दिला आणि तो नोकरीला पुण्याला निघून गेला. तेव्हापासून हिशेबाच्या वह्या आणि कॉम्प्युटर असे दोन्ही एक ताई सांभाळतात. बारावीपर्यंत शिकलेल्या, अक्षर मोत्यासारखे, आणि रोज सकाळी नेमाने मेल बघणाऱ्या.

कणसे खुडून झाली होती. मी अळीचा नुकसानीचा अंदाज घ्यायला गेलो असता ताई म्हणाल्या, "साहेब, आठ दिवस झाले, एकही मेल नाही आला हो. असं कधी होत नाही." मी घाईत होतो. म्हणालो, "नेट नसेल नीट. लाइनीचा घोळ आहे सगळीकडे. होईल सुरू." आणि मोटारसायकलला किक मारली.

पुढच्या आठवड्यात गेलो तर गटाची बैठक बसलेली आणि सगळ्यांची तोंडे उतरलेली. ज्या कारखान्याला मक्याचा नमुना दिला होता, त्याची पत्रे येऊन पडली होती. ओलावा चौदा टक्क्यांच्या आत असेल तर माल घेऊ, किती गाड्या देता ते चार दिवसांत कळवा. चार दिवस कधीच उलटून गेले होते. कारखान्याने दुसरीकडून माल घेतला. त्यांचा तरी काय दोष? उत्तर आले नाही, म्हणजे माल नाही असेच ते धरणार. गटाला मका मिळेल त्या भावाने व्यापाऱ्याला द्यावा लागला. आणि बैठकीत बोल लागला तो ताईंना. "मेल बघायचं एवढं एक काम होतं," असे एक जण म्हणाला. ताई मान खाली घालून बसल्या होत्या. मी उभा राहिलो आणि सांगितले की त्यांनी मला विचारले होते, मीच उडवून लावले. ते सांगितल्याशिवाय मला तिथे बसवले नसते.

मग आम्ही दोघांनी तो कॉम्प्युटर तपासायला घेतला. मी परभणीला बी.एस्सी. ॲग्री. केले तेव्हा आमच्या वर्गातल्या कोणी कॉम्प्युटरला हात लावलेला नव्हता. तेव्हा मी यातला पंडित नाही. पण शेतात पाणी येत नसेल तर कुठून कुठे चालत जायचे हे मला कळते, आणि ही गोष्ट त्याहून फार वेगळी नाही.

तुम्हाला कोणी मेल पाठवला की तो सरळ तुमच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर येत नाही. तो आधी गूगल, मायक्रोसॉफ्ट अशा कंपनीच्या मोठ्या कॉम्प्युटरवर जाऊन साठतो. त्याला सर्व्हर म्हणतात. ती झाली विहीर. थंडरबर्ड किंवा आउटलुक हा प्रोग्रॅम म्हणजे त्या विहिरीवरची तुमची मोटार आणि पाइप. शेतात पाणी आले नाही म्हणून शहाणा माणूस लगेच नवी विहीर खणत नाही. आधी विहिरीत डोकावतो.

इथे डोकावायचे म्हणजे तोच ई-मेल पत्ता आणि पासवर्ड घालून दुसऱ्या साधनावर, म्हणजे मोबाइलवर, पत्रपेटी उघडायची. ताईंच्या मोबाइलवर ती उघडली आणि एकामागून एक पत्रे दिसू लागली. सारी न उघडलेली. पाणी काठोकाठ होते, फक्त वर येत नव्हते. ही एक तपासणी पहिल्या दिवशी झाली असती, तर उत्तर मोबाइलवरूनच देता आले असते आणि कॉम्प्युटरची दुरुस्ती सावकाश केली असती. माझी चूक ती हीच.

विहीरच कोरडी निघाली, म्हणजे मोबाइलवरही नवे मेल नसले, तर गोष्ट वेगळी. तेव्हा आधी 'स्पॅम'चा कप्पा बघा. चांगली पत्रेही कधी कधी तिथे जाऊन पडतात. मग जागा शिल्लक आहे का ते बघा. जीमेल फुकट १५ जीबी जागा देते, पण ती एकट्या मेलची नव्हे. गूगलवर ठेवलेले फोटो, फायली, आणि अँड्रॉइड फोनवरच्या व्हॉट्सॲपची साठवणसुद्धा त्याच पोत्यात. पुतण्याच्या लग्नाचे व्हिडिओ साठवले आणि पोते भरले, की नवा मेल आत घेतला जात नाही. तो पाठवणाऱ्याकडे परत जातो. तुम्हाला त्याची चाहूलही लागत नाही.

आमच्याकडे विहीर भरलेली होती, म्हणून मोटारीकडे वळलो. थंडरबर्डच्या खिडकीत खाली डाव्या कोपऱ्यात एक लहान चिन्ह असते. त्यावर चुकून बोट पडले की प्रोग्रॅम 'ऑफलाइन' होतो, म्हणजे स्टार्टर बंद. आउटलुकमध्ये 'सेंड रिसीव्ह' या भागात 'वर्क ऑफलाइन' असे बटण आहे, तेही असेच दाबले जाते. मुले गेम खेळून उठली की हे हमखास तपासा. शिवाय कधी कधी मेल आलेले असतात, पण यादीच्या मथळ्यावर टिचकी बसून क्रम उलटा होतो आणि नवी पत्रे पार तळाला जातात. एवढ्यासाठी एका गृहस्थाने तालुक्याहून माणूस बोलावल्याचे मला ठाऊक आहे.

ते दोन्ही ठीक होते. मग ताई म्हणाल्या, "साहेब, रोज एक चौकोन येतो इंग्रजीत. मी तो बंद करते." मंडळी, हा चौकोन बंद करू नका! डॉक्टरने लिहून दिलेली चिठ्ठी न वाचता फाडून टाकण्यातला हा प्रकार आहे. इंग्रजी समजत नसेल तर मोबाइलने त्याचा फोटो काढा आणि जाणत्या माणसाला दाखवा.

त्या चौकोनात पासवर्ड चुकीचा आहे असे आले, तर बहुधा घरातल्या कोणीतरी मोबाइलवर पासवर्ड बदललेला असतो आणि कॉम्प्युटर जुनाच घेऊन दार ठोठावत असतो. नवा घाला, काम झाले. पण पासवर्ड बरोबर असूनही तो घेत नसेल, तर नियम बदलले आहेत हे लक्षात घ्या. गूगलने ३० मे २०२२ पासून साध्या खात्यांना जुन्या पद्धतीने, नुसता पासवर्ड देऊन, बाहेरच्या प्रोग्रॅमने मेल ओढणे टप्प्याटप्प्याने बंद केले. मायक्रोसॉफ्टने आपल्या आउटलुक डॉट कॉम खात्यांसाठी तेच १६ सप्टेंबर २०२४ रोजी केले. आता प्रोग्रॅम तुम्हाला कंपनीच्या पानावर नेतो, तिथे ओळख पटवून परवानगी द्यायची. थंडरबर्डच्या सेटिंगमध्ये या पद्धतीला 'ओऑथ २' असे नाव दिसेल. प्रोग्रॅम फारच जुना असेल तर जीमेलसाठी सोळा अक्षरांचा वेगळा 'ॲप पासवर्ड' काढता येतो, मात्र त्याआधी खात्याला दुहेरी पडताळणी लावावी लागते. आणि विंडोजबरोबर येणारा 'मेल' नावाचा जो निळ्या पाकिटाचा प्रोग्रॅम होता, त्याचे काम मायक्रोसॉफ्टने ३१ डिसेंबर २०२४ ला संपवले. त्यावर कोणी अजून वाट बघत बसले असेल तर उठा. तिथे आता मेल येणार नाही.

आमच्या चौकोनात मात्र पासवर्डाचे नाव नव्हते. त्यात 'सर्टिफिकेट' असा शब्द होता, आणि त्या कॉम्प्युटरवर कोणतेही संकेतस्थळ उघडले तरी असाच काहीतरी इशारा येत होता. म्हणून तर सगळ्यांनी नेटला दोष दिला होता. पण तेच नेट ताईंच्या मोबाइलवर व्यवस्थित चालत होते. मी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली पाहिले. तारीख होती १ जानेवारी २०१५.

आता तारखेचा आणि मेलचा काय संबंध? तुम्ही कीटकनाशकाची बाटली घेताना तयार केल्याची आणि मुदत संपण्याची तारीख बघता ना? सर्व्हरजवळही तसेच एक ओळखपत्र असते, अमुक दिवसापासून तमुक दिवसापर्यंत खरे. तुमचा कॉम्प्युटर ते रोज तपासतो. तो २०१५ साली उभा असेल, तर त्याला ते ओळखपत्र अजून जन्मालाही न आलेले दिसते. तो म्हणतो, हा कोणी तोतया आहे, याच्याकडून काही घ्यायचे नाही. बिचारा आपले काम चोख करत होता. त्याचे घड्याळ तेवढे चुकले होते.

घड्याळ चुकते कशाने? कॉम्प्युटरच्या पोटात रुपयाच्या नाण्याएवढी एक गोल बॅटरी असते. तिच्यावर सीआर २०३२ असे लिहिलेले असते. वीज नसताना तारीख-वेळ तीच सांभाळते. काही वर्षांनी ती मरते. मग लाइट गेली, बटण बंद केले, की कॉम्प्युटर आपल्या जन्माच्या काळात परत जातो. आपल्याकडे लाइट किती वेळा जाते ते मी सांगायला नको. आम्ही हाताने तारीख बरोबर केली, थंडरबर्ड बंद करून पुन्हा उघडला, आणि अर्ध्या मिनिटात पत्रांची रांग लागली. ताईंनी मोठा श्वास सोडला. दुसऱ्या दिवशी सिल्लोडहून बॅटरी आणली. प्लग काढून मगच पेटी उघडायची, एवढे पथ्य. किंमत चहा-फराळाइतकी.

इथे एक खबरदारी सांगून ठेवतो, कारण बैठकीत एकाने तीच वाट सुचवली होती. "खातं काढून टाका आणि नवीन टाका," म्हणे. असे कधीही घाईने करू नका. सर्व्हरवरून मेल घेण्याच्या दोन रीती आहेत. 'आयमॅप' या रीतीत पत्र सर्व्हरवरच राहते, तुम्हाला त्याची प्रत दिसते. 'पॉप' या जुन्या रीतीत पत्र उपसून कॉम्प्युटरवर आणले जाते, आणि तशी सोय करून ठेवली नसेल तर सर्व्हरवरून पुसलेही जाते. अशा कॉम्प्युटरवरचे खाते काढले की वर्षांची बिले, पावत्या, तपासणीचे दाखले सगळे जाऊ शकते. आधी पेन ड्राइव्हवर प्रत घ्या, मग काय ते करा. या पॉपमुळे आणखी एक घोळ होतो. एकच खाते गटाच्या कॉम्प्युटरवर आणि अध्यक्षांच्या घरच्या लॅपटॉपवर लावलेले असते. ज्याने आधी उपसले त्याच्या हौदात पाणी, दुसऱ्याचा हौद कोरडा. दोन ठिकाणी बघायचे असेल तर दोन्हीकडे आयमॅपच लावा. जीमेलसाठी त्याचा दरवाजा क्रमांक, म्हणजे पोर्ट, ९९३ आहे आणि सुरक्षेच्या रकान्यात एसएसएल किंवा टीएलएस हवे.

दुसरी खबरदारी चोरांची. मेल बंद पडला की माणूस घाबरून इंटरनेटवर मदतीचा फोन नंबर शोधतो. तिथे भलतेच लोक गळ टाकून बसलेले असतात. "आम्ही कंपनीतून बोलतो, आलेला ओटीपी सांगा, हे ॲप घ्या." मेल दुरुस्त करायला कोणाला तुमचा ओटीपी लागत नाही. असा कोणी पैसे घेऊन गेलाच तर उशीर न करता १९३० या सरकारी क्रमांकावर कळवा. जितके लवकर कळवाल तितके पैसे अडवणे सोपे.

हे सगळे एका कागदावर लिहून द्या, असे ताईंनी मला सांगितले. मी लिहायला बसलो, तर त्यांनीच कागद ओढून घेतला आणि स्वतःच्या शब्दांत लिहिले. आधी मोबाइलवर बघणे. मग तारीख. मग ऑफलाइन. मग चौकोनाचा फोटो. पासवर्ड कोणी बदलला ते विचारणे. खाते काढायचे नाही. तो कागद त्यांनी जमाखर्चाच्या वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवला आहे. बैठकीत त्यांना बोलणारे गृहस्थ परवा तोच कागद उतरवून घेत होते. त्यांच्या भाच्याचे खत-बियाण्याचे दुकान आहे, तिथेही मेल येत नाहीत म्हणे.

पुढील अंकात साठवणीच्या मक्यातील सोंडे किडीविषयी.