गाणं वऱ्हाडाचं, कागद कोणाचा?

अमरावती-अकोल्याच्या गायकाला रेकॉर्ड कंपनी कधी फारशी भेटलीच नाही. ग्रामोफोन कंपनीचा कारखाना कलकत्त्याजवळ डमडमला होता, आणि मराठी गाणं ध्वनिमुद्रित व्हायचं ते मुंबईत. ही दोन शहरं जोडणाऱ्या लोहमार्गावर अकोला आणि बडनेरा ही दोन्ही स्टेशनं लागतात. पण गाडी इथं थांबली ती कापसासाठी, गाण्यासाठी नाही. तरी गाणं अडलं नाही. तुकडोजी महाराजांची (१९०९–१९६८) खंजिरीवरची भजनं मोझरीच्या गुरुकुंजातून गावोगाव गेली ती गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखांमधून, एका भजनी मंडळाकडून दुसऱ्या मंडळाकडे. १९४८ साली नागपूरला आकाशवाणी आली, पण तिथं जायचं तर स्वरचाचणीचा उंबरठा ओलांडावा लागे. पुढं ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि भीमगीतं, देवीची गाणी, कव्वाल्या जत्रेतल्या पथारीवर विकायला लागल्या. त्या धंद्यात गायकाला एकरकमी बिदागी मिळे. कॅसेट किती खपली, हे कॅसेट काढणाऱ्यालाच ठाऊक.

मोबाईलनं बदल केला तो या पार्श्वभूमीवर. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. गावातल्या पोरांच्या हातात यूट्यूब आलं. २९ जून २०२० ला सरकारनं टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हा तिथं नाव कमावलेल्या अनेकांचे चाहते एका रात्रीत गेले. पंधरवड्याच्या आत इन्स्टाग्रामनं भारतात रील्स सुरू केलं आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबनं शॉर्ट्स आणलं. दुकानं बदलली, गिऱ्हाईक तेच राहिलं. दुकान आपलं नसतं, हा धडा मात्र तेव्हाच मिळाला होता; तो फार थोड्यांनी घेतला.

या बदलातून अमरावतीनं काय दिलं, याचं ठळक उत्तर रॅप हे आहे. सौरभ अभ्यंकर, म्हणजे श्रोत्यांचा ‘१०० आरबीएच’, हा अमरावतीचा. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या रॅप गटाशी तो जोडला गेला आणि २०२३ मध्ये एमटीव्ही हसलच्या तिसऱ्या पर्वात दिसला. विपिन तातड हाही अमरावतीचाच. जात आणि विषमता हे त्याच्या रॅपचे विषय. ज्या वस्त्यांमध्ये आंबेडकर जयंतीला, १४ एप्रिलच्या रात्री, भीमगीतांचे कार्यक्रम रंगतात, तिथल्या मुलांना शब्दांचा मारा नवा नव्हता. ताल तेवढा परका होता, तो त्यांनी फोनवरून उचलला. अशा गाण्याला कॅसेटच्या काळात निर्माता मिळाला असता का, ही शंका रास्त आहे. पण सौरभचं नाव घराघरांत नेलं ते अखेर टीव्हीवरच्या स्पर्धेनं, हेही नोंदवलं पाहिजे. मोबाईलनं दार ठोठावता आलं. दार उघडणारी अजून मोठी कंपनीच होती.

गाणं फोनवर चालतं म्हणजे नेमकं काय होतं, हे पाहण्यासारखं आहे. ‘व्ह्यूज’मधून घर चालवणारे कलावंत बोटावर मोजण्याइतके. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळवायचा तर १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तास पाहिलं जाणं (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सला एक कोटी व्ह्यूज) लागतं; मग लांब व्हिडिओवरच्या जाहिरात-उत्पन्नाचे ५५ टक्के हाती येतात. स्पॉटिफायनं २०२४ पासून वर्षभरात हजाराहून कमी वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्यांना पैसे देणंच थांबवलं. खरी कमाई येते ती सुपारीतून. जयंतीचा, नवरात्राचा, लग्नाच्या हळदीचा कार्यक्रम ठरवणारा मंडळाचा अध्यक्ष आता कॅसेट मागत नाही, ‘लिंक टाक’ म्हणतो. रील म्हणजे गायकाचं व्हिजिटिंग कार्ड. मराठवाड्यातल्या कडूबाई खरात यांचं एकतारीवरचं भीमगीत असंच मोबाईलवर फिरलं आणि त्यांना ठिकठिकाणची व्यासपीठं मिळाली. व्हिडिओ त्यांचा परिचय करून देत गेला.

वऱ्हाडात या व्यवहाराला पंचांग आहे. भीमगीत मार्चच्या शेवटी टाकावं लागतं, म्हणजे जयंतीच्या मिरवणुकीपर्यंत डीजेवाल्याच्या पेनड्राइव्हमध्ये पोचतं. अकोल्याचा दुसरा हंगाम श्रावणाचा. शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी कावडीत भरून राजराजेश्वराला आणतात; रात्रभर पायी चालणारी मंडळं, खांद्यावरच्या भरण्या, ढोलांचा गजर. पूर्वी हा सोहळा रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहायचा होता. आता प्रत्येक मंडळाला आपली रील हवी असते आणि रीलला गाणं लागतं. गाण्यात मंडळाचं नाव आलं की मंडळातली झाडून सगळी पोरं ते पुढं पाठवतात. कोणत्याही कंपनीच्या जाहिरात खात्याला इतकी स्वस्त आणि इतकी नेमकी यंत्रणा उभी करता आली नसती. दुखणंही इथंच आहे. रीलला लागतात पंधरा-वीस सेकंद, म्हणून गाणं त्या तुकड्यासाठीच लिहिलं जातं. बाकी अंतरा भरताड. खंजिरीवर हळूहळू चढत जाणारं भजन या मापात बसत नाही.

भाषेच्या बाबतीत शेजारच्या खानदेशानं वऱ्हाडाला मागं टाकलं, हे मान्य करायला हवं. अहिराणीतलं ‘केसावर फुगे’ गाणं काही वर्षांपूर्वी असं पसरलं की अहिराणीचा गंध नसलेल्यांनीही त्यावर नाच केला. जळगाव जिल्ह्यातल्या तांड्यावरून आलेल्या संजू राठोडनं २०२३ मध्ये ‘नऊवारी’ आणि २०२४ मध्ये ‘गुलाबी साडी’ काढलं आणि देशभरच्या रील्स त्यावर नाचल्या. त्याच्या पाठीशी बिलीव्ह ही फ्रेंच वितरण कंपनी होती. म्हणजे ‘स्वतंत्र कलावंत’ यातल्या ‘स्वतंत्र’ या शब्दाचा अर्थ एकटा असा नाही. गाण्यावरचा ताबा आपल्याकडे ठेवून काम वाटून देणं, असा आहे. वऱ्हाडी मात्र यूट्यूबवर अजून हशा पिकवण्याच्याच कामी येते. विठ्ठल वाघांनी अकोल्यात राहून ज्या बोलीत गंभीर कविता केली, ती बोली गाण्यात आली की ‘पोट्टे’ आणि ‘भैताड’ यांच्या पलीकडं फारशी सरकत नाही. मेळघाटात कोरकू गाणी डीजेवर वाजतात आणि यूट्यूबवरही आहेत. कोरकू गाणाऱ्यांना आपली भाषा विनोदी वाटत नाही, एवढाच फरक.

सर्वांत मोठी गफलत हक्कांच्या कागदाची आहे. घरातल्या खोलीत, गाद्या उभ्या करून, एक माईक आणि लॅपटॉप यांवर गाणं तयार होतं. बीट, म्हणजे तालाचा तयार तुकडा, नेटवरून उतरवलेली असते. तिच्याखाली ‘कमाईसाठी वापरू नये’ असं लिहिलेलं असतं. ते कोणी वाचत नाही. गाणं चालायला लागलं की एके दिवशी यूट्यूबचा ‘क्लेम’ येतो आणि जाहिरातीचे पैसे बीटच्या मालकाकडे वळतात. कॉन्टेंट आयडी ही यंत्रणा आवाजाचा ठसा जुळवून पाहते. तिला गाव कळत नाही, गरज कळत नाही. जुन्या भीमगीताचा रिमिक्स केला तर ज्या कंपनीकडे मूळ कॅसेटचे हक्क, ती पुढं येते. म्हणजे जिच्याविना सगळं जमलं असं वाटत होतं, ती कंपनी मागच्या दारानं हजर.

यावर उपाय अवघड नाही, कंटाळवाणा आहे. बीट विकत घ्यावी आणि पावती जपून ठेवावी. वितरकामार्फत गाणं सगळ्या ॲप्सवर द्यावं, म्हणजे त्याला आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो आणि ते कुठं वाजलं याचा हिशेब राहतो. रीलवर वापर झाल्याचा थोडाफार पैसाही त्याच वाटेनं येतो. गीतकार आणि संगीतकारांनी आयपीआरएसचं सभासद व्हावं. ही संस्था १९६९ ची आहे आणि गाण्याच्या वापराचं मानधन गोळा करून वाटते. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनं, गाणं कंपनीला विकलं तरी गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा कायम ठेवला आहे. तो सोडून देतो असं लिहून घेतलं तरी तसा करार टिकत नाही. गायक, गीतकार, बीटवाला आणि व्हिडिओवाला यांनी टक्केवारी आधीच एका कागदावर लिहून सह्या कराव्यात. दोस्तीतली गाणी दोस्तीतच फुटतात, आणि फुटतात ती गाणं चालल्यावर. पडलेल्या गाण्याचा वाटा कोणी मागत नाही.

पुढच्या जयंतीसाठी ज्यांची गाणी तयार होत आहेत, त्यांनी मार्चमध्ये अपलोड करण्याआधी हा कागद करून घ्यावा.