वसंताची नोंद ओसरीवर

ज्या दिवशी पहाटे अंगावरची गोधडी सोडवत नाही आणि दहाच्या सुमारास तीच गोधडी धुऊन अंगणातल्या दोरीवर टाकावीशी वाटते, त्या दिवशी सुप्यात वसंत घरी आला असे समजावे. त्यासाठी पंचांग उघडण्याचे कारण नाही, आणि उघडलेच तर फसगत होण्याचा संभव अधिक.

पंचांगाच्या परंपरेने वसंताला चैत्र-वैशाख नेमून दिले आहेत. परंतु पारनेर तालुक्यातल्या माळरानावर वैशाखात जे भडकते त्याला वसंत म्हणण्याचे धाडस कवीलाही होणार नाही. या विसंगतीचे मूळ आकाशात आहे. ऋतू सूर्याच्या विषुववृत्त ओलांडण्याशी निगडित, तर आपली मेषसंक्रांत स्थिर नक्षत्रांशी बांधलेली. संपातबिंदू सुमारे बहात्तर वर्षांत एक अंश मागे सरकतो, आणि हा हिशेब शतकानुशतके तुंबून राहिल्यामुळे २१ मार्चच्या आसपासचा वसंतसंपात व १४ एप्रिलच्या सुमाराची संक्रांत यांत आज तीन आठवड्यांहून अधिक अंतर पडले आहे. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ही थकबाकी ओळखली, आणि २२ मार्च १९५७ पासून अमलात आलेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत फाल्गुन व चैत्र, म्हणजे २० फेब्रुवारी ते २० एप्रिल, हे दोन महिने वसंताच्या नावे लागले. ‘होळी जळाली, थंडी पळाली’ म्हणणाऱ्या आमच्या आज्यांना मात्र या दुरुस्तीची गरज कधीच भासली नव्हती.

सुपा हे पर्जन्यछायेच्या मुलखातले, पुणे-नगर रस्त्यावरचे गाव. येथील हवा कोरडी असल्याने ती लवकर तापते तशी लवकर निवतेही. म्हणून फाल्गुनात उन्हात उभे राहिले तर कपाळ तापते आणि चार पावले मागे सरून ओसरीच्या सावलीत टेकले की पाठीला गारवा लागतो. दोन्ही ऋतू एकाच उंबरठ्याच्या दोन बाजूंना बसलेले असावेत, हे सुख कोकणातल्या दमट हवेला ठाऊक नाही. ज्वारीची काढणी उरकत आलेली असते, कडुलिंबाच्या मोहराचा कडवट-गोड दरवळ अंगणभर रेंगाळतो, आणि ज्यांची खरी कमाई आषाढातल्या वाऱ्यावर होते त्या डोंगरावरच्या पवनचक्क्या कित्येक दुपारी अंगण राखणाऱ्या म्हाताऱ्यांप्रमाणे निवांत उभ्या असतात.

याच दिवसांत बाजारातून नवा माठ येतो. तो एक दिवस पाण्यात बुडवून ठेवायचा, मग ओल्या वाळूच्या बैठकीवर मांडायचा, आणि पहिल्या दोन-तीन दिवसांच्या पाण्याला येणारा मातीचा वास दोष न मानता चवीने प्यायचा. माळवदावर कुरडयांची तयारी चाललेली असते: तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक शिजून पातेल्यात रटरटू लागला की घरातली पोरे वाट्या घेऊन अवतीभवती घोटाळतात, आणि गरम चिकावर तूप-गूळ घालून त्यांची तोंडे बंद केल्याखेरीज सोऱ्या हाती धरता येत नाही. आमच्याकडे वसंतोत्सव म्हणतात तो हाच, आणि बिनखर्चाचा.

दुष्काळी तालुक्याने वसंताचे कौतुक करावे ही चैन नव्हे काय, असा आक्षेप येईल. विहिरी याच दिवसांत तळ दाखवू लागतात, हे मी नाकारत नाही. परंतु ज्या गावाला पुढे टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसावे लागते, त्याने मधले हे पाच-सहा आठवडे तरी हक्काने भोगावेत, असे माझे मत आहे. आणि ते भोगण्याची जागाच आपण हल्ली आपल्या हाताने मोडीत काढतो आहोत. जुन्या माळवदी घराला जाड मातीचे छत होते, ओसरी होती, अंगण होते. नव्या स्लॅबच्या घरात गुंठ्याचा शेवटचा इंच भिंतीखाली जातो आणि दार थेट रस्त्यावर उघडते. औद्योगिक वसाहतीतून रात्रपाळी करून आलेला तरुण खिडकी लावून पंख्याखाली झोपतो, तेव्हा बाहेरचा वारा त्याच्या पंख्याहून गार असतो, हे त्याला सांगणारी ओसरी घरात उरलेली नसते. ऋतूपालटाची सरकारदरबारी दखल घेणारी बहुधा एकच संस्था शिल्लक आहे, ती म्हणजे मार्चात भरणारी सकाळची शाळा.

म्हणून घर बांधू पाहणाऱ्यांना इतकेच सुचवावेसे वाटते की, नकाशा काढताना दारापुढे दहा फूट मोकळे सोडावेत आणि पश्चिमेला एक कडुलिंब लावावा. सातबाऱ्यावर सावलीची नोंद होत नाही, हे खरे. परंतु त्या सावलीत बसून पाडव्यापर्यंत पंख्याचे बटण दाबावे लागले नाही, तर ती वहिवाट पुढल्या पिढीला आपोआप लागेल. धुतलेली गोधडी मात्र इतक्यात ट्रंकेत घालू नये. पहाटे चारला ती पुन्हा लागते.