चैन कशाला म्हणावी?

३ सप्टेंबर २०२५ रोजी दिल्लीत वस्तू व सेवा कर परिषदेची ५६ वी बैठक झाली आणि २२ सप्टेंबरपासून, म्हणजे ऐन घटस्थापनेपासून, नवे दर अमलात आले. चर्चा झाली ती मुख्यतः मोटारी, विमा आणि दूरचित्रवाणी संच यांची. मला मात्र त्या यादीतील लहान नोंदी अधिक बोलक्या वाटल्या. अंगाचा साबण, केसांचे तेल, टूथपेस्ट, चॉकलेट आणि इन्स्टंट कॉफी यांवरील कर १८ टक्क्यांवरून ५ वर आला. तूप आणि लोणी १२ वरून ५ वर उतरले. साबणातही भेद आहे. वडीचा साबण ५ टक्क्यांत आला, बाटलीतला पातळ साबण १८ टक्क्यांतच राहिला. मोठ्या मोटारी आणि वायुमिश्रित गोड पेये ४० टक्क्यांच्या घरात गेली. करांची यादी रुक्ष खरी; पण गरज कोठे संपते आणि चैन कोठे सुरू होते याविषयी सरकारचे काय मत आहे, ते तीत स्पष्ट वाचता येते.

सरकारने आपली रेघ ओढली. घराने आपली कोठे ओढावी, हा प्रश्न उरतोच.

आपल्या बडोद्यातील जुन्या मराठी घरांत ‘चैन’ हा शब्द कौतुकाने फारसा उच्चारला जात नाही. नोकरी आणि पेन्शन यांवर पिढ्या काढलेली ही घरे. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण येथे जवळजवळ कुलाचारासारखी पाळली गेली. ती शिकवण वाईट नव्हती. परंतु तिच्यातून एक गैरसमज रुजला: स्वस्त ते शहाणपणाचे आणि महाग ते उधळपट्टीचे. वस्तुतः याच घरांतील वडीलधारी मंडळी श्रीखंडातल्या केशराच्या किंवा रोजच्या वरणभातावरील तुपाच्या बाबतीत तडजोड करीत नसत. त्याला ते चैन म्हणत नसत एवढेच.

यातून मला एक कसोटी सुचते. वस्तूसाठी जे चार पैसे जास्त मोजले, ते वस्तूत गेले की वेष्टनात आणि जाहिरातीत गेले? वस्तूत गेले असतील आणि ती वस्तू रोजच्या वापरातली असेल, तर तो खर्च मनात चुकचुक न ठेवता करावा.

साबणाचेच घ्या. अंगाच्या साबणाच्या वेष्टनावर ‘टी.एफ.एम.’ अशी अक्षरे आणि एक आकडा छापलेला असतो. साबणातील एकूण स्निग्धाम्लांचे ते प्रमाण. भारतीय मानकानुसार पहिल्या प्रतीच्या साबणात ते किमान ७६ टक्के, दुसऱ्या प्रतीत ७० आणि तिसऱ्या प्रतीत ६० असावे लागते. ‘बेदिंग बार’ म्हणून जी वडी विकली जाते, तीत ४० टक्केही चालते. वास झकास, रंग मोहक, वेष्टनावर नटीचे चित्र, आणि आत भरणा निम्म्याहून अधिक! वडी लवकर विरघळते, कातडी कोरडी पडते, आणि स्वस्ताईचा हिशेब महिनाअखेर चुकतो. येथे म्हैसूरची आठवण होते. पहिल्या महायुद्धात चंदनाची परदेशी वाट बंद झाली, तेव्हा त्या संस्थानाने लाकूड पडून न ठेवता चंदनाचे तेल देशातच काढायचे ठरविले, आणि त्या तेलातून पुढे त्यांचा चंदनी साबण निघाला. आजही तो सरकारी कारखान्यातून निघतो आणि पहिल्या प्रतीचा असतो. इतर साबणांपेक्षा त्याला जास्त पडणारे पैसे कोठे गेले, हे आंघोळ करताना कळते.

कॉफीचेही तसेच. चिकोरी मिसळलेल्या कॉफीच्या पुड्यावर मिश्रणाचे प्रमाण लिहिणे बंधनकारक आहे. कायद्याप्रमाणे कॉफी किमान ५१ टक्के असली की पुरे. म्हणजे जवळजवळ निम्मी चिकोरी पिऊनही आपण कॉफी प्यालो असे समजण्याची मुभा आहे. ज्यांना चिकोरीची चवच आवडते त्यांच्याशी माझे भांडण नाही. पण तो बारीक मजकूर न वाचता पुड्याच्या सोनेरी रंगाला पैसे मोजणे, ही खरी उधळपट्टी.

आता केशर. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामचा हल्ला झाला, पाठोपाठ अटारीची सीमा बंद झाली आणि अफगाणिस्तानातून येणाऱ्या केशराची वाट अडली. उत्तम काश्मिरी केशराचा भाव त्या वर्षी किलोला पाच लाखांवर गेला. आकडा ऐकूनच माणूस हात आखडता घेतो. तथापि किलोने केशर घेतो कोण? त्या भावाने एक ग्रॅम पाचशे रुपयांना पडते. आठ जणांच्या श्रीखंडाला ग्रॅमचा दहावा भाग पुरतो. म्हणजे पन्नास रुपये, पानामागे सहा-सात. एका ग्रॅमसाठी सुमारे दीडशे फुले खुडावी लागतात, या हिशेबाने त्या वाडग्यात पंधरा फुलांचे श्रम उतरलेले असतात. पिवळा रंग घातलेल्या तयार डब्यात ते नसतात.

आणि तांदूळ. आंबेमोहोराला भौगोलिक मानांकन आहे, पण त्याचा एकरी उतारा संकरित वाणांपेक्षा बराच कमी. मुळशीच्या शेतकऱ्याला जास्त दर मिळाला नाही, तर तो दुसरे वाण लावील, आणि त्याला दोष देता येणार नाही. रोज आंबेमोहोर शिजवावा असे मी म्हणत नाही. पण चार-सहा सणांना तो विचारून, पारखून घेणारी घरे टिकली तरच ते वाण शेतात टिकेल. चांगल्या जिनसेला गिऱ्हाईक नसले की ती महाग होऊन थांबत नाही; ती नाहीशी होते.

आपल्या शहराला हा विचार नवा नाही. १८९० साली येथे लक्ष्मीविलास राजवाडा पुरा झाला आणि त्याच साली सयाजीराव महाराजांनी कलाभवन सुरू केले. राजवाडा पाहायला आजही लोक येतात. परंतु सामान्य माणसाच्या घराच्या दृष्टीने मोठी गोष्ट घडली ती दुसरी: रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम ही शिकण्याची विद्या ठरली, वस्तू नीट करण्याला मान मिळाला. करणाऱ्याला मान असेल तर घेणाऱ्यालाही पारख हवी.

एक आक्षेप न्याय्य आहे. ज्या घरात महिन्याच्या वीस तारखेलाच डबे रिकामे होतात, तेथे केशराच्या गोष्टी सांगणे क्रूरपणाचे होईल. कर उतरल्याने पाचदहा रुपये वाचले, तर तेथे ते दुधालाच जावेत. माझे म्हणणे आहे ते मधल्या घरांविषयी. हप्त्यावर लाखाचा टेलिफोन घेताना तेथे कोणी दोनदा विचार करीत नाही, पण चांगल्या साबणाच्या वीस रुपयांवरून वाद होतो. सोने २०२५ मध्ये दहा ग्रॅमला लाखापलीकडे गेले; मोठी हौस अनेकांच्या आवाक्याबाहेर गेली. अशा वेळी लहान हौस तरी डोळसपणे व्हावी.

हिशेब सोपा आहे. मूळ किमतीत फरक पडला नसेल, तर शंभराच्या जिनसेला कर धरून पूर्वी ११८ पडत, आता १०५ पडतात. सहाशेच्या तुपावर ४२ रुपये वाचतात. प्रथम दुकानदाराच्या बिलावर ही सूट खरोखर उतरली आहे का, ते पाहावे. उतरली असेल तर त्या पैशांनी आणखी एक पुडा आणण्याऐवजी तीच वस्तू एक प्रत वरची आणून पाहावी, आणि महिनाभराने घरातल्या माणसांना फरक विचारावा.